अंगणातली खडी : आधी माप, मग सही

दिवाळीचा फराळ संपून डबे रिकामे झाले, की आमच्या कोनगावात एक वेगळाच हंगाम सुरू होतो. अंगणांच्या दुरुस्तीचा! चार महिने चिखल तुडवून जीव मेटाकुटीला आलेला असतो. स्कूटर काढताना चाक रुतलेलं असतं, पाहुण्यांच्या चपलांनी ओटी बरबटलेली असते. जमीन वाळली की 'यंदा काहीतरी करूनच टाकू' असं घरोघरी ठरतं. मग घरातले पुरुष म्हणतात, "टाकू की दोन गाड्या खडी!" झालं, त्यांच्या दृष्टीनं विषय संपला.

आपल्या दृष्टीनं तो तिथं सुरू होतो. खडी कोणती? किती? ती टाकायची कशावर? आणि मुख्य म्हणजे, गाडी दारात आल्यावर ती मोजून कोण घेणार? कारण गाडी येते ती बहुधा भर दुपारी. घरची माणसं कामावर, मुलं शाळेत, आणि दारात आपण. ड्रायव्हर चलन पुढं करतो, "ताई, सही करा." पाव किलो मिरच्या घेताना तराजूच्या काट्यावरून नजर न हलवणाऱ्या आपण, हजारोंच्या दगडापुढं मात्र 'आपल्याला त्यातलं काय कळतंय' म्हणून सही करून मोकळ्या होतो.

कळण्यासारखं आहे, आणि अगदी सोपं आहे. या सदराकडे अंगणाविषयी जी पत्रं येतात, त्यांत बहुतेकींचा प्रश्न एकच असतो, "खडी टाकली, पण पहिल्याच पावसात ती गेली कुठं?" तेव्हा आज खडीबद्दलच बोलू. लागणारं सामान म्हणाल तर एक मोजपट्टी, एक खडू आणि शाळेत शिकलेला गुणाकार.

खडी जाते कुठं?

खडी कुणी चोरत नाही. ती जमीन गिळते. आमच्या कोनचंच घ्या. एका बाजूला उल्हास नदीची खाडी, दुसऱ्या बाजूला कल्याण-भिवंडी रस्ता, आणि मध्ये जिथं आज घरं आणि गोदामं दिसतात तिथं पूर्वी भातखाचरं होती. भाताची जमीन म्हणजे पाणी धरून ठेवणारी चिकण माती. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसात ती फुगून लोण्यासारखी मऊ होते. अशा मातीवर नुसती खडी पसरली, की गाडीच्या चाकाखाली दगड खाली जातो आणि चिखल वर येतो. दोन पावसाळ्यांत अंगण पहिल्यासारखं. मग पुन्हा दोन गाड्या!

बरं, दर वर्षी भर घालत राहिलं तरी आणखी एक घोटाळा होतो. अंगण हळूहळू वर चढतं आणि घराचं जोतं खाली जातं. बाहेरचा रस्ताही डांबराचे थर घेत उंच होत असतो. मग एके वर्षी पाणी रस्त्यावरून अंगणात आणि अंगणातून थेट स्वयंपाकघरात. म्हणून पहिला नियम असा, की वर भर घालण्यापूर्वी खालची मऊ माती काढायची. काढलेली माती फेकू नका हं. भातखाचराची माती बागेच्या वाफ्यांना सोन्यासारखी.

स्कॉटलंडचे जॉन लाउडन मॅकॅडम १८१६ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या रस्त्यांचे प्रमुख झाले. त्यांचं सांगणं साधं होतं. रस्त्याचं वजन शेवटी खालची जमीनच पेलते, म्हणून तिला कोरडी ठेवा. आणि वर लहान, फोडलेले, धारेचे दगड घाला, म्हणजे ते एकमेकांत अडकून बसतील. आजही आपल्याकडे बांधकाम खात्याचे लोक 'डब्ल्यूबीएम' म्हणतात, त्यातला शेवटचा 'एम' या मॅकॅडमसाहेबांचाच. त्यालाच आपण मराठीत खडीकरण म्हणतो. तेव्हा दारातल्या तीस फुटांनाही नियम तोच : आधी पाण्याला वाट, मग पाया, मग खडी.

पीठ, रवा, भरडा

खडीची नावं ऐकून घाबरून जाऊ नका. जात्यातून जसं पीठ, रवा आणि भरडा निघतो, तसंच क्रशरमधून निघतं. एकच काळा दगड, फक्त चाळणी वेगळी.

सर्वांत मोठा तो डबर. हाताच्या पंजाएवढे किंवा त्याहून मोठे दगड. ते हातानं एकाशेजारी एक उभे रचतात, त्याला सोलिंग म्हणतात. मऊ जमिनीवर गाडी उभी करायची तर हाच खरा पाया.

त्यानंतर ४० मिलिमीटरची, म्हणजे साधारण दीड इंची खडी. ही डबराच्या वरच्या थरासाठी. तिच्यावर अनवाणी चालता येत नाही, पण वजन उत्तम पेलते.

मग २० मिलिमीटरची, पाऊण इंची. घराच्या स्लॅबला वापरतात तीच. गाडीच्या वाटेवर वरचा थर म्हणून चांगली.

त्याहून लहान १० ते १२ मिलिमीटरची. फाटकापासून दारापर्यंतची पायवाट, तुळशीभोवतालची जागा, कुंड्यांच्या मधल्या वाटा यांना ही शोभते आणि पायालाही बोचत नाही.

त्याखाली ग्रीट किंवा कच, म्हणजे आपला रवा. आणि शेवटी डस्ट, म्हणजे पीठ. मोठ्या खडीतल्या फटी भरायला ही दोन्ही लागतात; पण नुसत्या डस्टचा थर वर दिलात, तर उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात राखाडी चिखल.

दुकानदार 'एक नंबर', 'दोन नंबर', 'मेटल वन', 'मेटल टू' अशी नावं घेतात. गावोगावी या नावांचा अर्थ बदलतो. आपण नावाच्या भानगडीत पडूच नये. सरळ मिलिमीटर सांगावेत.

खडीबरोबर मुरूमही लागतो. खाणीच्या वरच्या थरातला तो तांबूस, ठिसूळ दगड. डबराच्या फटींत तो भरून, पाणी मारून ठोकला की पाया घट्ट बसतो. मात्र मुरूम म्हणून माती गळ्यात पडत नाही ना, हे बघा. मूठभर घेऊन पाणी घाला आणि मळा. पोळीच्या कणकेसारखा गोळा झाला, तर ती माती.

खरी-खोटी कशी ओळखाल?

आपला ठाणे जिल्हा काय, किंवा सह्याद्री काय, सगळा काळ्या पाषाणाचा, म्हणजे बसाल्टचा प्रदेश. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून तो झाला. ताजा, घट्ट बसाल्ट काळा किंवा निळसर करडा दिसतो. पण त्याच खाणीत वरच्या बाजूला झिजलेला, तपकिरी दगडही असतो, आणि काही थर सच्छिद्र असून त्यात पांढरे खडे भरलेले असतात. हा दगड लवकर भुगा होतो.

परीक्षा घरच्या घरी होते. दोन खडे एकमेकांवर आपटा. चांगला दगड खणकन वाजतो, कच्चा भद्द आवाज करतो. दुसरी परीक्षा बरणीची. मूठभर खडी काचेच्या बरणीत घाला, पाणी ओता, झाकण लावून हलवा आणि अर्धा तास ठेवून द्या. तळाशी नाममात्र गाळ बसला तर ठीक. बोटभर चिखल बसला तर तुम्ही दगडाच्या भावानं माती घेत आहात.

तिसरी गोष्ट आकाराची. आमच्या गावाचं नाव कोन, आणि खडीलाही कोन हवेत! चौकोनी, धारेची खडी एकमेकींत अडकून बसते. बिस्किटासारखी चपटी खडी वजनाखाली मोडते, आणि नदीतले गोल गोटे तर चाकाखाली नुसते घरंगळतात. गोटे दिसायला सुरेख असतात हे खरं. ते झाडांच्या आळ्यात किंवा कारंज्याभोवती घालावेत, गाडीच्या वाटेवर नव्हे. मूठभर खडीत चपटे तुकडे निम्म्याहून जास्त दिसले, तर दुसरीकडे चौकशी करा.

आणि एक कळकळीची सूचना. 'फुकट भरणी देतो' म्हणून कुणी पाडलेल्या घरांचा राडारोडा आणून ओतत असेल, तर नम्रपणे नाही म्हणा. त्यात खिळे, काचा, फुटक्या फरश्या, विजेच्या वायरींचे तुकडे, काय वाटेल ते असतं. ज्या अंगणात मुलं अनवाणी खेळतात, तिथं फुकटची भरणी फार महाग पडते.

हिशेब : एक ब्रास म्हणजे किती?

खडी आपल्याकडे ब्रासवर विकतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. म्हणजेच १० फूट लांब, १० फूट रुंद आणि १ फूट उंच एवढा ढीग. एवढं एक लक्षात ठेवलंत, की पुढं सगळं तोंडी.

एक ब्रास खडी २ इंच जाड पसरली तर ६०० चौरस फूट जागा भरते. ३ इंच जाड तर ४००. ४ इंच जाड तर ३००.

उदाहरण घेऊ. फाटकापासून घरापर्यंत ३० फूट लांब आणि १० फूट रुंद वाट करायची आहे. म्हणजे ३०० चौरस फूट. जमीन भातखाचराची, आणि गाडी उभी करायची आहे. तर,

डबर ६ इंच : ३०० × ½ = १५० घनफूट, म्हणजे दीड ब्रास.
डबराच्या फटीत मुरूम : साधारण अर्धा ब्रास.
४० मिलिमीटर खडी ३ इंच : ३०० × ¼ = ७५ घनफूट, म्हणजे पाऊण ब्रास.
२० मिलिमीटर खडी २ इंच : ३०० ÷ ६ = ५० घनफूट, म्हणजे अर्धा ब्रास.

ठोकल्यावर थर दबतो, म्हणून दोन्ही खड्या पाचवा हिस्सा जास्त धरा. म्हणजे ४० ची ९० घनफूट आणि २० ची ६० घनफूट. याउलट नुसती पायवाट असेल, गाडी जाणार नसेल, तर डबर नको. ३ इंच मुरूम ठोकून त्यावर २ इंच बारीक खडी पुष्कळ झाली.

आता अर्ध्या ब्राससाठी सबंध गाडीचं भाडं देणं जिवावर येतं. तेव्हा शेजारणीला विचारा. दोघी-तिघींच्या अंगणांची खडी एकाच गाडीत मागवली, की भाडं वाटून जातं. हळदीकुंकवाला जमतोच की आपण. त्यात हाही विषय काढायचा!

खडी वजनावर विकत असतील तर एवढं ध्यानात ठेवा, की एक ब्रास कोरडी खडी साधारण सव्वाचार ते साडेचार टन भरते. वजनकाट्याच्या पावतीवर भरलेल्या गाडीचं आणि रिकाम्या गाडीचं, अशी दोन्ही वजनं हवीत. वजाबाकी आपण स्वतः करावी.

गाडी दारात आल्यावर

आता मुख्य प्रसंग. आमच्या आळीत एक वहिनी आहेत. यजमान नाहीत, मुलगा नोकरीनिमित्त परगावी. त्यांनी शिवणाच्या पैशातून दीड ब्रास खडी सांगितली होती. दुपारी दोनला टेम्पो आला. ड्रायव्हर घाईत, "काकी, दीड ब्रास आहे. सही करा, मला दुसरी खेप आहे."

वहिनी म्हणाल्या, "भाऊ, पाणी प्या आधी. तोवर मी पट्टी आणते." आणि त्यांनी मला हाक मारली. पोरांना घनफळ शिकवायचा मला सरावच. हौद्याच्या आतून लांबी मोजली, १० फूट. रुंदी ६ फूट. दीड ब्रास व्हायला खडीची उंची अडीच फूट हवी. वरून बघितलं तर मधे छान ढीग, अगदी काठाच्या वर. पण चारी कोपरे खोल. "भाऊ, जरा फावड्यानं सपाट करता का?" सपाट केल्यावर हौद्याच्या आतल्या बाजूला खडीच्या पातळीला खडूनं रेघ मारली. गाडी रिकामी झाल्यावर रेघेपासून तळापर्यंत मोजलं. बरोबर २ फूट!

१० × ६ × २ = १२० घनफूट. दीडऐवजी एक ब्रास आणि वीस फूट. पाच पाट्यांतली एक पाटी आलीच नव्हती. वहिनींनी आवाज चढवला नाही. चलनावर स्वतःच्या अक्षरात 'प्रत्यक्ष माप १२० घनफूट' असं लिहिलं, खाली सही केली आणि ड्रायव्हरच्या समोरच मालकाला फोन लावला. पैसे १२० फुटांचेच दिले. ड्रायव्हर बिचारा म्हणाला, "काकी, मला जेवढं भरून देतात तेवढं मी आणतो." त्याचंही खरंच होतं. भांडण त्याच्याशी नव्हतंच.

तेव्हा मैत्रिणींनो, या प्रसंगातून उचलण्यासारखं एवढंच :

माप नेहमी हौद्याच्या आतून घ्या, बाहेरून नको. बाहेरून पत्र्याची जाडी आणि तळाखालची जागाही मोजली जाते.

आधी सपाट, मग माप. वाटेत हादऱ्यानं खडी थोडी बसते; त्यामुळे काठापासून बोटभर खाली असेल तर ओढाताण करू नये. पण वरच्या उदाहरणातल्या हौद्यात दर इंचाला ५ घनफूट जातात, हे विसरू नये.

खडूची रेघ गाडी रिकामी होण्याआधी. एकदा का ढीग जमिनीवर पडला, की कुणाचंच माप कुणाला पटत नाही.

सही मापानंतर. घाई असेल तर ती त्याची, आपली नव्हे.

आणि वेळ आधीच ठरवून ठेवा. एकट्या असाल तर शेजारच्या एखाद्या बाईला बोलवा. दोघी असलो की आवाज न चढवताही ऐकलं जातं.

गाडी मागं घेण्यापूर्वी तीन ठिकाणं डोळ्यांखालून घाला. पहिलं, वर विजेची वायर. हौदा उचलला की तो बराच उंच जातो. वायर लागली तर जिवाशी गाठ. दुसरं, खाली शोषखड्डा, संडासाची टाकी किंवा नळाचा पाइप. दीड ब्रास खडी म्हणजे सहा टनांहून जास्त, शिवाय गाडीचं वजन वेगळं. टाकीचं झाकण सहज फुटतं. तिसरं, मुलं. गाडी हलत असताना एकाही मुलानं अंगणात असता कामा नये. हवं तर पाच मिनिटं सगळ्यांना घरात कोंडा, रडली तरी चालतील.

सांगतानाच कागदावर

फोनवर 'पाठवा हो दीड ब्रास' असं म्हणण्यापेक्षा चार ओळी लिहून पाठवाव्यात. नमुना असा :

'काळी खडी, २० मिलिमीटर, चाळलेली, डस्टविरहित. माप दीड ब्रास, म्हणजे १५० घनफूट. दारात हौद्यातून मोजून घेतलं जाईल. दर प्रति ब्रास, भाडं, कर व उतराई धरून. वाहतूक पास सोबत असावा. उरलेली रक्कम मापानंतर.'

दोन-तीन ठिकाणी हाच मजकूर पाठवून दर मागवा, म्हणजे तुलना होते. नाहीतर एकजण भाडं धरून सांगतो, दुसरा न धरता. आणि स्वस्त वाटलेलं महाग निघतं.

वाहतूक पासचं का म्हणाल? खडी, मुरूम, वाळू यांना कायद्यात गौण खनिज म्हणतात. त्यांच्यासाठी महाराष्ट्रात २०१३चे स्वतंत्र नियम आहेत. खाणीच्या मालकानं सरकारला स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी भरायची असते, आणि गाडीबरोबर 'महाखनिज' या शासनाच्या प्रणालीवरून काढलेला पास लागतो. चोरून काढलेल्या खनिजाला जमीन महसूल कायद्याखाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो, गाडीही अडकते. आपण पासवरचा गाडीचा नंबर आणि तारीख तेवढी ताडून बघावी. बिनपावतीचा डोंगर स्वस्त मिळतो, पण तो कुणाच्या तरी गावामागचा डोंगर असतो.

पसरताना

पाण्याचा उतार घरापासून बाहेर, दर १० फुटांना दोन ते अडीच इंच. गवंड्याकडे पाण्याची नळी असते, तिनं पातळी काढून घ्या. नुसत्या डोळ्यावर विसंबू नका. आणि ते पाणी गटारात किंवा आपल्याच झाडांकडे जाऊ दे, शेजारच्यांच्या भिंतीवर नको. पावसाळ्यातली निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात.

मऊ जमिनीवर डबर रचण्यापूर्वी जिओटेक्स्टाइल नावाचं कापड अंथरलं, तर फार फरक पडतो. चक्का बांधायच्या फडक्यासारखं त्याचं काम. पाणी जातं, चिखल वर येत नाही. त्याऐवजी प्लास्टिकचा कागद मात्र घालू नका. पाणी वरच तुंबतं आणि अंगणाचं डबकं होतं.

प्रत्येक थर वेगळा ठोकायचा. आधी डबर, त्यावर मुरूम, पाणी, धुमस. मग ४० ची खडी, तिच्या फटीत थोडी कच, पुन्हा पाणी आणि धुमस. शेवटी २० ची. सगळं एकदम ओतून वर एकदाच ठोकलं तर खालचं पोकळच राहतं. धुरळा उडतो, म्हणून पाणी मारत राहावं, आणि घरात दम्याचं माणूस असेल तर त्या दिवशी खिडक्या लावून घ्याव्यात.

दोन्ही कडांना विटांची किंवा चिऱ्यांची ओळ हवीच. ताटाला कड नसेल तर आमटी ओघळणार, खडीचंही तसंच. आणि कामाचा मुहूर्त दिवाळीनंतर ते होळीपर्यंत. मे महिन्यात सगळ्यांचीच घाई, म्हणून दर चढतात. आणि एकदा पाऊस लागला, की भरलेली गाडीच अंगणात रुतते.

सगळीकडे खडी नको

हौसेच्या भरात सबंध अंगण खडीनं भरून टाकू नका. भात, मिरच्या, सुकट वाळवायला एक कोपरा कोबा किंवा फरशीचा हवा. लग्नाचा मांडव पडतो, हळदीला बायका नाचतात, ती जागाही सपाट हवी. घरात काठी घेऊन चालणारे सासरे किंवा चाकाची खुर्ची असेल, तर फाटकापासून पायरीपर्यंत तीन फुटांची पक्की पट्टी ठेवाच. सुट्या खडीवर काठी सरकते आणि चाक फिरत नाही.

झाडाच्या बुंध्याभोवती किमान फूटभर माती मोकळी असू द्या. काळा दगड उन्हात तापतो, मोगरा-जास्वंदीच्या मुळांना ते सोसत नाही. उरलेला डबर भिंतीशी रचून ठेवू नका. विंचू-सापांना आयतं घर मिळतं.

बाकी देखभाल म्हणाल तर श्रावणात उगवलेलं गवत मुळासकट उपटायचं, आणि चाकोरी पडली की दाताळ्यानं खडी सारखी करायची. इतकंच. खडीच्या अंगणाचा एक मोठा फायदा असा, की पाणी सिमेंटवरून वाहून न जाता जमिनीत मुरतं. वर्षाला शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आपल्या भागात विहिरीला आणि बोअरला त्याचा उपयोगच.

जाता जाता एक सांगते. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रातल्या हजारो बायका डोक्यावर पदर घेऊन, मूल शेजारी झोळीत टाकून, हातोडीनं खडी फोडत बसल्या होत्या. पुढं रोजगार हमीचा कायदा झाला, तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्या कामांवरही मजुरी ठरायची ती केलेल्या कामाच्या मापावर. दिवसभर घाम गाळलेल्या बाईला दगडाचं माप काय असतं, हे कुणी शिकवावं लागलं नाही. तिनं फोडलेला दगड मापून घेतला जायचा, मग आपल्या दारात येणारा मापल्याशिवाय का घ्यायचा?

तेव्हा यंदा गाडी आली, की चहाचं आधण ठेवा, ड्रायव्हरला पाणी द्या, आणि पदर खोचून मोजपट्टी हातात घ्या. तुमच्या अंगणाची लांबी-रुंदी आणि जमीन कशी आहे ते कळवलंत, तर किती ब्रास लागेल याचा हिशेब या सदरातून जरूर देईन. पुढच्या अंकात याच अंगणाच्या कडेला लावण्यासारखी, कमी पाण्यावर वाढणारी फुलझाडं.